वाचल्याशिवाय सही नाही

संपादकांनी फोनवर विचारलं, "तुमच्या क्लासविषयी लिहाल का? अनुभव वगैरे." मी म्हटलं, अनुभव लिहायला माणूस निवृत्त असावा लागतो. मी अजून पस्तिशीच्या अलीकडे आहे आणि माझा राग पुरता उतरलेला नाही. ते म्हणाले, "राग असला तर बरंच. दिवाळी अंकात गोड फार होतं." तेव्हा लिहिते. गोड झालंच तर दोष आमच्या विद्यार्थ्यांचा.

मी लालबागची. पत्रकं लिहिणं हा माझा पहिला उद्योग, आणि लिहायला मला पत्रकांनीच शिकवलं. पहिल्या ओळीत मुद्दा, दुसरीत आरोप, शेवटी सभेची वेळ. माझ्या जन्माआधी संप झाला, मग गिरण्या गेल्या, गिरण्यांच्या जागी काचा आल्या, आणि मग आमच्या चाळींच्या पुनर्विकासाचे कागद घेऊन बिल्डरची माणसं दारोदार फिरू लागली. तेव्हा आमची समिती उभी राहिली. समितीकडे घोषणा होत्या, सतरंज्या होत्या, माणसं होती. वकील नव्हता. जो मिळायचा तो तारखेला यायचा नाही, आणि आला तर भोईवाड्याच्या कोर्टाच्या पायरीवर आमच्याकडूनच केस समजून घ्यायचा. एका बैठकीत मी भडकून म्हणाले, "वकील किती दिवस उसने आणायचे? आपल्यातलेच करू!" टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी पुढे काही केलं नाही, म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं. मी तेव्हा कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. म्हणजे प्रवेश परीक्षेचं जे काय येत होतं ते ताजं होतं.

जागा मिळाली ती मंडळाच्या बालवाडीची. दिवसा पोरं, संध्याकाळी आम्ही. खुर्च्या बालवाडीच्याच. पन्नाशीचे गृहस्थ गुडघे छातीशी घेऊन भारताच्या संघराज्याविषयी विचार करत बसलेत आणि डोक्यावर भिंतीवर ससा गाजर खातोय, हे दृश्य मी सात वर्षं पाहिलं.

आता धंदा समजावून सांगते. पदवी झालेल्या माणसाला तीन वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला जायचं तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आम्ही तिला नुसतं सीईटी म्हणतो. आमच्या वेळी दीडशे प्रश्न, दोन तास, सगळं कम्प्युटरवर. थोडा कायदा, थोडं सामान्य ज्ञान, तर्काची कोडी, इंग्रजी. एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. वयाची अट नाही. आणि उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत. ह्या शेवटच्या वाक्यात आमचा सगळा धंदा आहे.

कारण मग परीक्षा तीन फेऱ्यांत द्यायची असते. पहिल्या फेरीत जे दिसताक्षणी येतं ते उरकायचं. दुसऱ्या फेरीत, जिथे चार पर्यायांतले दोन उघड मूर्ख आहेत, तिथे उरलेल्या दोघांत निवाडा करायचा. तिसऱ्या फेरीत बाकी सगळ्यांवर न वाचता खूण करायची. एकही रिकामं सोडायचं नाही. रिकाम्याला शून्य नक्की. आंधळेपणाने मारलेल्या चारांतला एखादा तरी लागतो. एवढंच. जिथे एकेकाळी गिरणीचं साचाखातं, म्हणजे मागांचं खातं, होतं, तिथल्या काचेच्या इमारतीत हेच शहाणपण एसी लावून विकतात आणि पोस्टरवर पोरांचे फोटो छापतात. आम्ही ते फुकट द्यायचो. पंख्यासकट. पंखा चालू असेल तर.

सोपं वाटतं ना? शिकवून बघा.

पहिला अडथळा आमची चाळ. परीक्षेत एक प्रकार असतो: वर एक तत्त्व देतात, खाली एक घटना. उत्तर त्या तत्त्वाला धरून द्यायचं, मनाला धरून नाही. मी फळ्यावर लिहिलं. तत्त्व: दुसऱ्याच्या जागेत परवानगीशिवाय शिरणे हा अनधिकार प्रवेश होय. घटना: शेजारीण बाहेर गेली आहे, दार उघडं आहे, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत आहेत. रमा आत जाऊन गॅस बंद करते. रमाने अनधिकार प्रवेश केला का?

अख्खा वर्ग म्हणाला, नाही.

"दार उघडं आहे म्हणजे परवानगीच की," सुलभाताई म्हणाली. "नायतर तिने लोटून घेतलं असतं."

"उलट गॅस बंद केला नसता तर केस व्हायला पाहिजे," प्रणय म्हणाला.

मागून कोणीतरी म्हणालं, "कुकर उतरवलान की नाही ते लिहिलेलं नाही मॅडम. नुसता गॅस बंद करून आली असेल तर भात करपला."

मी ओरडले, "तत्त्वात जेवढं आहे तेवढंच! आपली चाळ बाहेर काढून आत यायचं!"

"चपलांसारखी?" सुलभाताईने विचारलं.

"हो. चपलांसारखी."

बोलले खरी, पण घरी जाताना मला माझाच राग आला. दिवसा मी पत्रकात लिहायचे की अन्यायाचा नियम मोडून काढा, आणि संध्याकाळी शिकवायचे की नियम कसाही असो, खाली मान घालून लावा. पण कोर्टात पोचायचं तर हेच करावं लागतं. आधी त्यांच्या नियमाने आत शिरायचं, मग नियमाशी भांडायचं.

प्रणय आणि सुलभाताई, ह्या दोघांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच आहे.

प्रणय शिवडीच्या कोळीवाड्यातला, तेवीस-चोवीस वर्षांचा. सकाळी मासळीच्या धक्क्यावर बर्फ फोडायचा आणि संध्याकाळी बर्फासारखाच वर्गात येऊन वितळायचा. दीडशे प्रश्न तो निम्म्या वेळात उरकून मोबाइल काढायचा. मी विचारलं, "वाचलेस तरी का रे?"

"वाचले मॅडम. जे नाय समजले त्यांना सी मारलं."

"सगळ्यांना सी?"

"सी म्हणजे दर्या, मॅडम. दर्या उपाशी ठेवत नाय."

सुलभाताई त्याच्या नेमकी उलटी. वय चाळिशीकडे, परळच्या एका हॉस्पिटलात आया. आई गेलेली, धाकट्या भावंडांची लग्नं लावून ती विरार-डोंबिवलीला पांगलेली, स्वतःचं राहून गेलेलं. चाळीत ती आणि म्हातारे आप्पा. मुक्त विद्यापीठातून बीए तिने पुरं केलं होतं, कोणाला न सांगता. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं, वकील कशाला व्हायचं? बाकीच्यांनी माझीच पत्रकं मला ऐकवली. ती म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांना संमतीपत्र देतात. डॉक्टर पेन पुढे करतो. तेव्हा ती माणसं डॉक्टरकडे बघत नाहीत गं, माझ्याकडे बघतात. बाई, सही करू का? मी काय सांगू? मी चादर बदलायला आलेली असते."

मी त्या दिवशी घरी आईला म्हटलं, एक वकील मिळाला.

वेळ हा तिचा खरा शत्रू. ड्युटी दर आठवड्याला बदलायची: सकाळ, संध्याकाळ, रात्र. मी मोठ्या हौसेने रंगीत टाइमटेबल करून दिलं होतं. तिने ते नीट, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "हे कोणासाठी आहे? ज्याची आई जिवंत आहे आणि घरात बायकोपण आहे, त्याच्यासाठी ना?" टाइमटेबल परत आलं. मग तिने स्वतःची व्यवस्था लावली. प्रश्न आणि उत्तरं आपल्याच आवाजात मोबाइलमध्ये भरायची आणि वॉर्डात चादरी बदलताना एका कानात ऐकायची. एकदा वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरने पकडलं.

"सुलभा, ड्युटीवर कोणाशी बोलतेस?"

"राज्यघटनेशी, सिस्टर."

सिस्टर कडक बाई. तिने कानातलं काढायला लावलं. पण दुसऱ्या दिवसापासून औषधांची ट्रॉली ढकलता ढकलता तीच प्रश्न विचारायला लागली, आणि उत्तर चुकलं तर वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडायला लागली. क्लासच्या महिन्यांत सुलभाताईला शक्यतो सकाळची ड्युटी पडेल असंही तिनेच बघितलं. सुट्टीचा अर्ज कुठे अडकू दिला नाही.

घरी अभ्यास करायचा म्हणजे वेगळंच नाटक. आमच्याकडे दिवसाउजेडी दार लावायचं नसतं. दार लावलं म्हणजे आत भांडण आहे किंवा कोणी गेलंय. सुलभाताईने एका दुपारी तास मोजून पेपर सोडवायचा म्हणून दार लावलं. पाच मिनिटांत शेजारीण. "सुलभा, आप्पा बरे आहेत ना?" मग दुसरी. मग खालच्या मजल्यावरचे काका, हातात पाण्याचा तांब्या. शेवटी आप्पांना गॅलरीत खुर्ची टाकून बसवलं, म्हणजे ते जिवंत आहेत हे सगळ्यांना दिसेल आणि आत पेपर सुटेल.

आणि मे महिना! परीक्षा नेमकी उन्हाळ्यात आणि आमचा निम्मा वर्ग कोकणात. आधी शिमग्याला जायचे, मग लग्नांना, मग आंब्यांना. मी बालवाडीच्या दारावर पत्रक चिकटवलं: "शिमग्याला गावी जाणाऱ्यांनो, परीक्षा तुमच्या गावी येणार नाही!" दुसऱ्या दिवशी खाली पेनने उत्तर लिहिलेलं होतं: "मॅडम, पालखीपण लालबागला येत नाही."

ही दोघं वर्गात आली त्या पहिल्या वर्षी, मागून आणलेल्या जुन्या कम्प्युटरांवर सराव परीक्षा घ्यायला लागलो तेव्हा मला एक गोष्ट खटकली. सुलभाताईचे दीडशेपैकी शंभरही प्रश्न व्हायचे नाहीत. जे व्हायचे त्यातलं क्वचित एखादं चुकायचं. प्रणयचे दीडशेच्या दीडशे व्हायचे आणि भारंभार चुकायचे. गुण मात्र दोघांचे जवळपास सारखे! मला हे सहन होईना. एका संध्याकाळी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. ती माऊस बीपीच्या मशिनच्या फुग्यासारखा धरून बसली होती. प्रश्न आला, पहिलाच पर्याय बरोबर होता, तिला तो कळलाही होता. तरी ती थांबली.

"ताई, खूण कर आणि पुढे जा."

"बाकीचे तीन काय म्हणतात ते बघते."

"कशाला? उत्तर मिळालं ना?"

"एखाद्यात काहीतरी घुसडलेलं असलं म्हणजे?"

"आणि जे येत नाहीत ते रिकामे का सोडलेस? तिसरी फेरी कुठे गेली?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अचरट बोललेय. मग मान वर करून भिंतीकडे बोट दाखवलं. सशाच्या शेजारी आमच्या समितीचं पोस्टर होतं. लाल अक्षरं, माझी. "वाचल्याशिवाय सही नाही!"

आता ह्या घोषणेची गोष्ट. बिल्डरची माणसं संमतीच्या कागदांवर सह्या गोळा करायला लागली तेव्हा मी समितीचं पहिलं पत्रक काढलं, आणि त्याची सुरुवातच आप्पांपासून केली. आप्पा गिरणीत साच्यांवर होते. संप लांबला, मोडला, आणि ज्यांना परत घ्यायचं होतं त्यांच्याकडून गेटवर सह्या घेतल्या गेल्या: मागच्या नोकरीचा हक्क सांगणार नाही, नव्याने बदली कामगार म्हणून लागेन. आप्पांची आधीची सगळी वर्षं त्या एका सहीत गेली. पुढे गिरणीच बंद पडली. आप्पा घरात, चाळीत सगळ्यांना सांगत आले होते की कागद इंग्रजीत होता, वाचता आला नाही, फसलो. म्हणून त्या घरात नियम पडला. कुठलाही कागद आला की पोरीने तो मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा. मी तो नियम उचलला, त्याला उद्गारचिन्ह लावलं आणि गिरणगावभर वाटला. आमची सगळ्यात गाजलेली घोषणा! लोकांनी बिल्डरच्या माणसांना ती तोंडावर ऐकवली. आणि तीच घोषणा माझ्या वर्गात माझ्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनीचे पन्नास-पन्नास प्रश्न खात होती.

पहिल्या वर्षी ती थोडक्यात हुकली. प्रवेश मिळत होता तो इतक्या लांबच्या कॉलेजात की नोकरी सोडावी लागली असती. नोकरी सोडली तर आप्पांचं काय? तिने जागा सोडली. प्रणयही हुकला, दर्याने त्या वर्षी ठेवलं उपाशी.

दुसऱ्या वर्षी वर्ग सुरू झाला तेव्हा ती म्हणाली, "स्नेहल, ही शेवटची खेप. सिस्टर दिवाळीच्या आसपास रिटायर होतायत. त्या आहेत तोवर कॉलेजच्या वेळेला जमेल अशी कायमची ड्युटी लावून देते म्हणाल्यात. त्या गेल्यावर आयाबाईला कोण विचारतंय? ह्या वर्षी जागा मिळाली तर मिळाली. नायतर तुझ्या समितीला सतरंज्या घालीन."

मग मी हट्टालाच पेटले. प्रणयला तिच्या शेजारी बसवलं. "शिकव हिला तुक्का."

"सोपं आहे ताई. डोळे मिट आणि सी."

"डोळे मिटून मी ट्रॉलीपण ढकलत नाही."

मी प्रणयला म्हटलं, "अरे, लिलावात पाटी बघून क्षणात बोली लावता ना तुम्ही? तसं समजाव तिला." मला वाटलं, मी काय सुंदर दाखला दिला.

"लिलावात मासा दिसतो मॅडम," तो म्हणाला. "शिवाय चुकलो तर आई तिथल्या तिथे हाणते. इथे कोण हाणतंय?"

परीक्षा तोंडावर आली तरी ताईचे शंभराच्या पुढे जाईनात. एका संध्याकाळी माझा तोल गेला. "ताई, ही सही नाही! नुसती खूण आहे, खूण! चुकली तर काही जात नाही!"

ती शांतपणे म्हणाली, "गेटवर आप्पांनापण हेच सांगितलं असेल. नुसती खूण करा. काही जात नाही."

मी खडू ठेवला आणि वर्ग सोडला.

म्हणून मी आप्पांकडे गेले. त्यांनी तिला सांगावं की पोरी, परीक्षा वेगळी, कागद वेगळा, एवढीच अपेक्षा. दुपारची वेळ, दार अर्थातच उघडं. आप्पा जमिनीवर बसून लसूण सोलत होते. सुलभाताई मोरीत कपडे धूत होती. मी सगळं सांगितलं: वेळ, फेऱ्या, रिकामे प्रश्न, पोस्टर. आप्पा ऐकत होते की नाही कळेना. सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकत राहिले. मग म्हणाले,

"कागद इंग्रजीत नव्हतो."

मला वाटलं, माझंच ऐकण्यात काही चुकलं. "कुठला कागद, आप्पा?"

"गेटवरचो. मराठीत होतो. एक पान. मी वाचलंय." ते लसूण सोलायचे थांबले नाहीत. "माझ्या मागे शंकर उभो होतो, त्येका वाचूक येत नव्हता. त्येकाय मीच वाचून दाखवलंय. मागचा काय मागूचा नाय, नवीन म्हणान लागूचा. सगळा कळलेला. मगे सही केलंय."

मोरीतला धुण्याचा आवाज बंद झाला.

"मग इतकी वर्षं…" मी म्हटलं.

"काय सांगू? वाचून सवरून सही केलंय म्हणान? बायलेक सांगू? पोरांका सांगू? घरात सात तोंडां होती. वाचूक येत नाय म्हणान फसलंय, ह्या सांगणा सोपा."

सुलभाताई मोरीच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. हाताला साबणाचा फेस तसाच. "लाइटबिलाची मागची बाजूपण वाचून घ्यायचात माझ्याकडनं," ती म्हणाली.

"होय."

"रॉकेलच्या पावतीवरच्या सूचना."

"होय."

"मग कशाला, आप्पा?"

आप्पांनी पहिल्यांदा मान वर केली. "माका वाचूक येत होता. वाचल्यावर काय बोलूचा, ता येत नव्हता. वाचणारो मी होतंय गो. आडवणारो कोण नव्हतो."

मी तिथे बसले होते आणि माझ्या डोक्यात पत्रकांचे गठ्ठे फिरत होते. आम्ही ह्या माणसांना भोळं ठरवलं होतं. प्रेमाने, पण भोळंच! अडाणी होते म्हणून फसले, आता शिकलो म्हणजे फसणार नाही, असा आमचा सोयीचा हिशेब. ह्या माणसाला अक्षर न् अक्षर कळलं होतं आणि तरी सही करावी लागली होती. त्याला लुटायला त्याच्या अडाणीपणाची गरजच पडली नव्हती.

सुलभाताईने हात पुसले. "तू जा आता," ती मला म्हणाली. "उद्या पेपर काढून ठेव."

दुसऱ्या दिवशी ती आली आणि पेपर उघडून बसली. नेहमीसारखी सावकाश, नीट. वेळ संपायला थोडी मिनिटं उरली तेव्हा तिने ओठ घट्ट मिटले आणि उरलेल्या सगळ्या प्रश्नांवर एकामागून एक खुणा करत सुटली. माऊसचा आवाज बालवाडीभर.

"सी मारलंस, ताई?" प्रणयने विचारलं.

"ए. सी तुझं तुला लखलाभ."

नंतर फळा पुसताना ती मला म्हणाली, "इतकी वर्षं वाटायचं, एक शब्द वाचायचा राहिला की घर जातं. आप्पांचा एकही शब्द राहिला नव्हता गं."

परीक्षेचं सेंटर लांब. मी बरोबर गेले, कारण तिला कोणाची आई समजून गेटवरच अडवतील अशी मला खात्री होती. तसंच झालं, आणि मी भांडले. बाहेर पोरांचे आईबाप पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होते, त्यांच्यात मी एकटी चाळिशीच्या उमेदवाराची पालक. ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

"किती सोडलेस?"

"एकही नाही. शेवटचे काय होते ते देवाला ठाऊक."

"वाईट वाटलं?"

"एका उताऱ्याचं. इंग्रजीतला होता, लांबलचक. चांगला असणार बहुतेक. घरी असते तर वाचला असता."

जागा मिळाली. पहिल्या यादीत नाही, पण मिळाली. अनुदानित कॉलेज, सकाळचे वर्ग, हॉस्पिटलपासून बसने जाता येईल असं. सिस्टरने जाता जाता कायमची संध्याकाळची ड्युटी लावून दिली आणि निरोप समारंभात सगळ्यांसमोर विचारलं, "मूलभूत हक्क कोणते?" प्रणयला त्याच कॉलेजात शेवटच्या यादीत मिळाली. आता तो बर्फ फोडून थेट वर्गात जातो आणि नोट्स ताईच्या वापरतो. ताईच्या नोट्स म्हणजे सरांनी खोकलं तरी लिहिलेलं असतं.

पोस्टरचं काय केलं, हेही सांगते. काढलं नाही. अजूनही कोणी न वाचता सही केली की मी चवताळते. पण पत्रकातली आप्पांची गोष्ट खोटी होती, ती तशीच वाटत राहायला माझा हात धजेना. आप्पांना विचारलं, खरी छापू का? म्हणाले, "छाप. नाव माझाच असांदे." छापली. मला भीती होती की चाळ त्यांना काय म्हणेल. त्या आठवड्यात शेजारच्या चाळीतले दोन म्हातारे गिरणीवाले त्यांच्याकडे आले, गॅलरीत बसले, चहा घेतला. त्यांतला एक उठताना म्हणाला, "आमीपण वाचलेला, आप्पा." बस, एवढंच.

आमच्या क्लासातून किती वकील झाले असं लोक विचारतात. काही झाले. काही दुसऱ्या वर्षाला गळले, नोकरी, लग्न, दुखणं. एकजण बिल्डरकडेच लागला, त्याचं नाव मी घेत नाही. बालवाडीची इमारतही आता पाडायला घेतलीय, म्हणून वर्ग तूर्त बंद आहे. तूर्त!

पण मला विचाराल तर माझ्या कामाचा सगळ्यात चांगला दिवस निकालाचा नव्हता. कॉलेज सुरू होऊन काही आठवडे झाले होते. मी समितीच्या कचेरीत पाकिटांवर पत्ते घालत होते. सुलभाताईचा फोन आला, आवाज दबका.

"स्नेहल, करार कायद्याचा तास होता. सरांनी विचारलं, मुक्त संमती म्हणजे काय. मी हात वर केला."

"मग? सांगितलंस?"

"नाही. विचारलं. म्हटलं, सर, घरात सात तोंडं उपाशी आहेत म्हणून एखाद्याने वाचून, समजून सही केली, तर ती संमती मुक्त का?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, जबरदस्तीची कायद्यात व्याख्या आहे. भूक त्यात बसत नाही. पोरं हसली. प्रणय नाही हसला."

मला पूर्वीसारखा राग आला. "मग बसलीस खाली?"

"कशाला बसू? म्हटलं, सर, व्याख्येत बसत नाही ते कळलं. पण असा माणूस कधी कोर्टात गेलाच असेल ना? तेव्हा न्यायाधीश काय म्हणाले, ते सांगा." मागे पोरांचा गलका, बाकं सरकल्याचा आवाज. "तास संपलाय. सर पुस्तक आणायला खाली गेलेत. मी दारात उभी आहे. ठेव आता, आले बघ ते."